राजारामपुरीतलं माडीवरचं दुकान आणि 13,800 रुपयांचा जुना लॅपटॉप : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला अक्काच्या ताटात साडी ठेवली नाही, लॅपटॉप ठेवला. जुना, कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसात आठ वर्षं चाललेला. अक्काला आधी कळेना की हे आपल्यासाठी आहे का पोरीसाठी. पोरीसाठीच होता. माझी भाची अकरावी सायन्सला आहे. कोल्हापूरपासून गगनबावड्याच्या वाटेवर असळजच्या पुढे एक वाडी आहे, तिथं अक्काचं घर. आज त्या लॅपटॉपला सहा महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. जुना लॅपटॉप घ्यावा का, कुठं घ्यावा, घेताना काय बघावं, असं मला महिन्यातून दोन-चार जण तरी विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच.

मी 1996 पासून डीटीपी करतो. लग्नपत्रिका, अहवाल, संस्थांच्या स्मरणिका. म्हणजे रोजची भाकरीच कीबोर्डवर. आणि माझ्या सख्ख्या भाचीनं दहावी होईपर्यंत कीबोर्डला हात लावलेला नव्हता. हे मला कळलं 2025 च्या उन्हाळ्यात, अकरावीच्या प्रवेशावेळी. त्या वर्षी पहिल्यांदाच सबंध राज्याचा अकरावी प्रवेश ऑनलाइन झाला. घरात फोन एक, तो दाजींचा, आणि दाजी दूध संकलनाला सकाळ-संध्याकाळ बाहेर. फॉर्म भरायला माय-लेकी तालुक्याच्या बाजूला एका खासगी कॉम्प्युटर सेंटरवर गेल्या. त्या माणसानं तीनशे रुपये घेतले आणि ओटीपीसाठी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. पुढं पसंतीक्रम बदलायचा म्हटलं की परत त्याच्या दारात. तो असला तर काम, नसला तर दिवस गेला आणि अक्काचा रोजगारही बुडाला. पोरगी शिकलेली, मार्क चांगले, पण स्वतःच्या प्रवेशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. मला हे फार लागलं.

फोन आहे की हातात, असं लोक म्हणतात. फोन आहे, आणि फोनवर पोरं हुशार आहेत, यात शंका नाही. पण फोनवर बघता येतं, करता येत नाही. दोन पानांचा अर्ज नीट लिहिणं, तक्ता मांडणं, एक पीडीएफ उघडी ठेवून शेजारी टिपण काढणं, हे सहा इंची काचेवर कुणी रोज करून दाखवावं. आणि पुढं इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाची सीईटी कॉम्प्युटरवरच असते. पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित, गटाला 150 प्रश्न आणि 180 मिनिटं. माउस आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये हातात धरणारं पोर आणि घरी पाचवीपासून कॉम्प्युटर असलेलं पोर एकाच घड्याळावर पेपर सोडवतात.

काही वर्षांमागं एका संस्थेच्या अहवालाचं काम आलं होतं. त्यात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2017-18 च्या पाहणीतले आकडे मीच टाइप केले होते. ग्रामीण भारतात शंभर घरांमागं 4.4 घरांत कॉम्प्युटर, शहरांत 23.4. आकडे टाइप करताना शुद्धलेखन बघायचं असतं, अर्थ मनात शिरत नाही. दिवाळीला अक्काच्या अंगणात बसून मी वाडीतली घरं मोजली. सदतीस. त्यांतल्या एकाही घरात कॉम्प्युटर नव्हता.

आता दुकानाकडं येतो. पहिल्यांदा मी शहरातल्या एका मोठ्या, चकाचक दुकानात गेलो होतो. त्यांनी स्वस्तात एक लॅपटॉप दाखवला, दिसायला नवा. मी सुरू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायला गेलो तर पासवर्ड विचारला. म्हणजे आधीच्या कंपनीचं कुलूप तसंच. "ते कशाला लागतंय तुम्हाला?" असं उत्तर मिळालं. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात हे सर्रास होतं. कंपन्या लॉटनं माल विकतात, कुलूप काढायचं राहतं आणि पुढं पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम टाकायची म्हटली की अडतं. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

मग राजारामपुरीतल्या या दुकानाचा पत्ता एका छपाईवाल्या मित्रानं दिला. जनता बाजारच्या चौकातून पुढं गेलं की एका गल्लीत माडीवर दोन खोल्या. नवरा-बायको दोघंच चालवतात. मी हे लिहिणार म्हटल्यावर त्यांनी नाव घालू नका म्हणून सांगितलं. एकदम गर्दी झाली तर आता देतो तेवढा वेळ एकेका गिऱ्हाइकाला देता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नाव लिहीत नाही. पण तिथं जे घडलं ते लिहितो, म्हणजे तुम्ही कुठंही गेलात तरी काय मागायचं ते कळेल.

भाचीला मी सोबत नेलं होतं. एसटीनं रंकाळा स्टँडवर उतरली, तिथून माझ्या गाडीवर. दुकानात दहा-बारा लॅपटॉप मांडलेले. ती हात मागं बांधून उभी. दुकानाच्या वहिनींनी एक तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "बस की, उघड." तिनं उघडला, आणि सवयीनं पडद्यावर बोट ठेवून वर सरकवायला लागली. पडदा हलेना. तिनं बोट चटकन मागं घेतलं, काहीतरी बिघडवलं असं वाटून. वहिनी हसल्या नाहीत. तिचं बोट धरून खालच्या पॅडवर ठेवलं. "हितं. दोन बोटं ठेव आणि ओढ." झालं.

मग दादांनी लॅपटॉप उलटा केला, मागची बॅटरी काढली, आणि तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "खोल."

ती माझ्याकडं बघायला लागली. मीही गप्प. मग म्हणाली, "मी काढतो," आणि एकेक स्क्रू ढिला करत गेली. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, मी जातो, मी करतो. त्या दिवशी ते बोलणं फार शोभून दिसलं. झाकण निघालं. ही रॅम (चालू कामाची मेमरी), ही एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), हा पंखा, ही आतली बॅटरी. रॅमसाठी जागा दोन, एक भरलेली, एक मोकळी. पंख्यातली धूळ ब्रशनं कशी काढायची, आधी बॅटरीची जोडणी का बंद करायची. तिनं रॅमची पट्टी काढली, परत बसवली, टक् असा आवाज ऐकला. झाकण लावून सुरू केला तर चालू. पाऊण तास गेला असेल. त्या पाऊण तासात दादांनी विक्रीचं एक अक्षर काढलं नाही.

सामान काय मिळालं ते पटकन सांगतो. ऑफिस-वर्गातला चौदा इंची लॅपटॉप, 2017 चा, सातव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, आत एक आणि मागं एक अशा दोन बॅटऱ्या. पक्कं बिल, सहा महिन्यांची दुकानाची हमी, बॅग आणि वायरचा माउस धरून 13,800. दादांनी न विचारता दोन गोष्टी पडद्यावर दाखवल्या. एक, एसएसडी किती झिजली आहे. दुसरी, बॅटरी नवी असताना किती चार्ज घ्यायची आणि आता किती घेते. मागची 88 टक्के, आतली 71. हे दोन आकडे दाखवायला जो दुकानदार टाळाटाळ करेल, तिथं थांबू नका. पांढरा पडदा लावून डाग बघा, प्रत्येक बटन दाबून बघा, बिजागरी दोन्ही हातांनी हलवून बघा.

एवढा चांगला लॅपटॉप एवढ्या कमी किमतीत का, तेही सांगितलं पाहिजे. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. त्यामुळं सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप कंपन्यांनी काढून टाकले. यंत्र चांगलं, फक्त यादीत नाव नाही. ज्या घरात कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी ही संधी आहे, आणि मी ती मनापासून घ्या म्हणतो. आमच्या लॅपटॉपवर दादांनी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 ही सिस्टिम घालून दिली. फुकट, त्यासाठी कुठलंही कुलूप चोरून तोडावं लागत नाही, आणि अपडेट 2029 पर्यंत मिळणार. लिहायला आणि तक्ते मांडायला लागणारं लिबरऑफिस त्यातच येतं. मेनू मराठीत करता येतात. भाचीनं आठवडाभर मराठीत ठेवले, मग स्वतःहून इंग्रजी केले, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये इंग्रजीच असणार. तिचा निर्णय.

मराठी टायपिंगबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो माझा प्रांत. आमच्या धंद्यात कितीतरी वर्षं श्रीलिपीसारख्या फाँटांत काम चाललं. माझ्या मशीनवरची पत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. मग सगळ्या मशीनवर अक्षर सारखंच ठेवणारं युनिकोड आलं आणि ते दुखणं संपलं. म्हणून भाचीला मी पहिल्या दिवसापासून इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची पद्धत शिकवली. तिची मांडणी 1991 च्या भारतीय मानकात आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. "कोल्हापूर" लिहायला नऊ बटनं लागतात : क, ओकार, ल, पाय मोडायचा, ह, काना, प, दीर्घ उकार, र. जसं बोलतो त्याच क्रमानं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून मग ते मराठीत उलटवणारी सोयही आहे, पण मग पोरगी आयुष्यभर आधी इंग्रजीत विचार करून मराठी लिहिणार. मला ते नको होतं. पहिल्या आठवड्यात एका मिनिटाला चार शब्द. आता बावीसच्या आसपास. चाळीसला गेली की तिला माझ्याकडं कामाला ठेवतो म्हणून सांगितलंय, आणि खरंच ठेवणार आहे.

सगळ्यांत अवघड गेलं ते टायपिंग नव्हे. फाइल आणि फोल्डर. फोनवर पोरांना हे दिसतच नाही. फोटो गॅलरीत, गाणी ॲपमध्ये, कागद व्हॉट्सॲपमध्ये. वस्तू कुठं ठेवली हे कधी विचारावंच लागत नाही. तिनं रसायनशास्त्राचं टिपण दोन तास लिहिलं, सेव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी सापडेना. फोनवर रडकुंडीला आली होती. मी इकडून सांगतोय, होम बघ, डॉक्युमेंट्स बघ, आणि तिला "होम" म्हणजे काय तेच कळेना. शेवटी अक्कानं फोन घेतला आणि सगळं ऐकून पोरीला म्हणाली, "अगं फडताळासारखं असणार. वरच्या फळीवर डबे, डब्यात पुड्या." भाचीला त्या क्षणी समजलं. अक्का सातवी शिकलेली. मी एवढी वर्षं कॉम्प्युटर वापरतो, मला ते फडताळ सुचलं नव्हतं. आता त्या लॅपटॉपवर एका फोल्डरचं नावच "वरची फळी" आहे.

नेटचं म्हणाल तर वाडीत ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात दोन काड्या रेंज येते, घरात नाही. फोन त्या कोपऱ्यात खुंटीला टांगायचा आणि हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडायचा. दाजी घरी असतील तेव्हाच. दिवसाचा दीड जीबी डेटा, त्यातला अर्धा दाजींचा. त्यामुळं मी आणि दादांनी ठरवलं की नेट नसतानाही यंत्र उपयोगी पडलं पाहिजे. दुकानातल्या वायफायवर बसून एका दुपारी सगळं उतरवून घेतलं. बालभारतीची अकरावीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात. किविक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर अख्खा मराठी विकिपीडिया, नेटशिवाय चालणारा. कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे, पडद्यावर करून बघायचे भौतिकशास्त्राचे प्रयोग, त्यांतले बरेच मराठीत आहेत आणि उतरवलेली फाइल ब्राउझरमध्ये तशीच उघडते. लंबकाची दोरी लांब केली की काय होतं, हे तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत कधी पाहिलं नव्हतं. रात्री अक्का आणि ती दोघी लंबक हलवत बसल्या होत्या, असं दाजींनी सांगितलं. तुम्ही कुणाला लॅपटॉप देणार असाल तर एवढं नक्की करा. रिकामं यंत्र देऊ नका. भरून द्या.

दोन बॅटऱ्यांचा फायदा मला घेताना कळला नव्हता. परवाच्या वळवात वाडीतली लाइट संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मागची बॅटरी संपल्यावर आतलीवर चाललं, एकूण साडेपाच तास. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याची वाट बंद होते. अशा दिवसांत तर हे फार मोलाचं ठरेल. मागची एक जादा बॅटरी पावसाआधी घ्यायचा विचार आहे.

आता वापराचं. अभ्यास आहेच. पण तिसऱ्या महिन्यापासून अक्काच्या बचत गटाचा हिशेब ती तक्त्यात मांडते. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, व्याज किती. आधी वहीत खाडाखोड व्हायची आणि बायकांची आपसात कुरबुर व्हायची. आता बैठकीत लॅपटॉप मधे ठेवतात आणि प्रत्येकीला आपली ओळ दिसते. शेजारच्या एका काकांचा डिजिटल सहीचा सातबारा तिनं 15 रुपयांत काढून दिला. त्यासाठी ते आधी दिवस मोडून जायचे आणि मागतील ते पैसे द्यायचे. ती कुणाच्याही कामात स्वतःचा नंबर टाकत नाही. ओटीपी ज्याचा त्याच्या फोनवर. हे तिला मी सांगितलेलं नाही, ती स्वतः भाजलीय त्यातून.

उणिवा आहेत, त्या लपवत नाही. पडदा मंद आहे, ओसरीवर उजेडात धड दिसत नाही, आणि रेंज नेमकी ओसरीवरच. कॅमेरा अगदी सुमार. स्पीकरचा आवाज घरात पाऊस पडत असला तर ऐकू येत नाही, हेडफोन लागतो. बटनांवर देवनागरी अक्षरं नाहीत. दुकानातून चिकटवायची अक्षरं मिळाली, ती दोन महिन्यांत उचलली, पण तोवर बोटांना वळण लागलं होतं. तिच्या क्लासचं ॲप लिनक्सवर चालत नाही, ते फोनवरच बघावं लागतं. क्लासवाल्यांनी साधी वेबसाइट ठेवली असती तर किती पोरांची सोय झाली असती. प्रिंटरही नाही, छापायला माझ्याकडंच येतं सगळं.

दुकानाच्याही दोन तक्रारी. जिना फार उभा आहे, वयस्कर माणसाला चढवणार नाही. मी सांगितल्यावर दादा आता खाली उतरून दाखवतात, पण खाली टेबल नाही. आणि दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. बाकी, विकल्यानंतरची सेवा मी एवढ्या वर्षांत अशी पाहिली नाही. जानेवारीत एका अपडेटनंतर आवाज बंद पडला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर वहिनींनी भाचीकडूनच दुरुस्त करून घेतला. रविवारी दहा ते बारा दुकानात कुणीही येऊन बसावं, अडलेलं विचारावं, पैसे नाहीत, असा त्यांचा नेमच आहे. त्या दोन तासांत मी तिथं एक रिक्षावाले काका बघितले, पोराच्या फॉर्मसाठी फोटो ठरल्या साइजमध्ये कसा बसवायचा ते शिकत होते. शेजारी एक नववीतली मुलगी. कुणाला कुणाची लाज नव्हती. विचारायला माणूस असणं ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वाडीत तो माणूस नाही, आणि नेटची रेंज वाढली तरी तो आपोआप येणार नाही.

एक गोष्ट दुकानात नव्हती : मराठीत लिहिलेली माहिती. डबा उघडला की इंग्रजी कागद. ते काम मी केलं. चार पानांची पुस्तिका, सोळा पॉइंटाच्या मोठ्या अक्षरात, सुरू कसा करायचा इथपासून पासवर्ड कुणाला सांगायचा नाही इथपर्यंत. "सेव्ह"ला "जतन करा" लिहायचं का यावर दोन दिवस डोकं खपवलं आणि शेवटी "सेव्ह"च ठेवलं, कारण बटनावर तेच दिसतं. फोल्डरच्या पानावर फडताळाचं चित्र आहे. दादा आता ती प्रत्येक पिशवीत घालतात.

माझे वडील याच खोऱ्यातून शिकायला कोल्हापुरात आले, एका बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या वाटेनं आमच्या घरात पहिलं अक्षर आलं. वडील सांगायचे, बोर्डिंगात जेवण साधं होतं, पण अभ्यासाला कंदील प्रत्येकाला उजेड पुरेल असा लावायचे. लॅपटॉप अक्काच्या ताटात ठेवताना मला तो कंदील आठवत होता.

वाडीत आता दुसरा लॅपटॉप आलाय. बचत गटातल्या एका बाईंनी मुलासाठी घेतला, याच दुकानातून, 14,200 ला. सदतीस घरांत दोन.

परवा भाचीचा निरोप आला. ब्राउझर, विकिपीडिया आणि लिबरऑफिस एकदम उघडलं की यंत्र अडखळतं, रॅमची दुसरी जागा मोकळी आहे, 8 जीबीची पट्टी कितीला मिळेल? मी दादांना भाव विचारला. तिला म्हटलं, पुढच्या आठवड्यात घेऊन येतो, बसवून देतो.

"नुसती पट्टी आण मामा," म्हणाली. "बसवतो मी."